घरचे द्रवरूप खत : एका बालरोगतज्ज्ञाच्या दृष्टीतून

वैद्यकीय व्यवसायातील आपल्या मंडळींना गच्चीवरच्या बागेची नवलाई आता राहिलेली नाही. नानाखेडा परिसरात सायंकाळी फेरफटका मारला, तर अनेक गच्च्यांवर तुळस, मोगरा, कढीपत्ता आणि दोन-चार कुंड्यांतून पालक-कोथिंबीर डोलताना दिसते. रासायनिक खत नको, घरचेच हवे, हा आग्रहही वाढतो आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु 'घरचे' आणि 'सेंद्रिय' म्हणजे आपोआपच निर्धोक, ही समजूत त्याच्यासोबत घरात शिरते. तिचा विचार मुलांच्या डॉक्टराने करणे मला आवश्यक वाटते.

या विद्येचा वारसा मोठा आहे. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या संस्कृत ग्रंथात 'कुणपजल' या आंबवलेल्या द्रवखताचे वर्णन आहे. आपल्या शेजारी इंदूरला १९२४ साली 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था सुरू झाली. तेथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. १९३१ साली त्यावर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे सहलेखक होते यशवंत वाड. ही रीत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. त्या ढिगात निर्माण होणारी उष्णता रोगजंतूंचा मोठ्या प्रमाणात नाश करते, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

जीवामृताची कृती

आज घरोघरी केले जाणारे द्रवखत म्हणजे जीवामृत. विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी त्याचा प्रसार केला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मूळ प्रमाण एका एकरासाठी २०० लिटर पाण्याचे आहे. गच्चीसाठी त्याचा दहावा भाग पुरतो : पाणी २० लिटर, ताजे शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम आणि वडाखालची किंवा बांधावरची मूठभर माती. माळवी गाईचे शेण-गोमूत्र आपल्याकडे गोशाळेत मिळू शकते. हे सर्व प्लॅस्टिकच्या पिंपात कालवून सावलीत ठेवावे, तोंडावर गोणपाट बांधावे आणि सकाळ-सायंकाळ काठीने ढवळावे. साधारण ४८ तासांत ते तयार होते; थंडीत अधिक वेळ लागतो. आठवड्याच्या आत ते वापरून संपवावे.

गोमूत्रातील युरिया नत्र पुरवतो, गूळ ऊर्जा देतो, बेसन प्रथिने देते, तर माती आणि शेण सूक्ष्मजीवांचे विरजण घालतात. मात्र २० लिटरमध्ये विरघळलेली अन्नद्रव्ये थोडीच असतात. म्हणून जीवामृत हा कंपोस्टचा पर्याय नव्हे. कुंडीत कुजलेले खत आणि वर पाल्याचे आच्छादन हवेच.

मात्रेचे महत्त्व

जीवामृत पातळ न करता कधीही देऊ नये. एक भाग द्रवात दहा भाग पाणी मिसळून मध्यम कुंडीला पंधरवड्यातून एकदा अर्धा लिटर द्यावे. द्रावण तीव्र झाले की मुळातील पाणी बाहेर ओढले जाते आणि पाने करपतात. जलसंजीवनीची ऑस्मोलॅरिटी २००२ साली ३११ वरून २४५ वर आणली गेली, हे आपण सारे जाणतोच. आतड्याला लागू असलेला हा न्याय मुळांनाही लागू आहे. बाळगुटीचे वेढेसुद्धा आपल्या आज्या मोजूनच देत असत.

जंतू मित्र आणि शत्रू

आता मुख्य प्रश्न. ज्या गुळावर उपकारक जिवाणू पोसले जातात, त्याच गुळावर ई. कोलाय आणि साल्मोनेला हेही पोसले जाऊ शकतात. दोन दिवसांचे आंबवणे त्यांच्या नाशाची हमी देत नाही आणि धनुर्वाताच्या बीजाणूंवर तर त्याचा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, जे पीक मातीला लागते त्याला कच्चे शेणखत दिल्यास कापणीपूर्वी १२० दिवसांचे, आणि जे लागत नाही त्याला ९० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. आपली कोथिंबीर तर महिना-दीड महिन्यातच ताटात येते!

म्हणून माझा सल्ला असा : मोगरा, जास्वंद, लिंबू, डाळिंब यांच्या मुळाशी जीवामृत खुशाल द्यावे. पालक, कोथिंबीर, मुळा, पुदिना यांना ते देऊ नये. त्यांच्यासाठी पूर्ण कुजलेले, तापून निवालेले कंपोस्ट एक भाग आणि पाणी पाच भाग घेऊन रात्रभर भिजवावे आणि गाळून त्याच दिवशी मुळाशी द्यावे. त्यात गूळ घालू नये. पानांवर फवारणी नको आणि भाजी वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय खाऊ नये.

घरात मूल असेल तर

शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेले कीटकनाशक किंवा रॉकेल प्यायलेली मुले कोणत्या बालरोगतज्ज्ञाने पाहिलेली नाहीत? द्रवखत त्या बाटल्यांत कदापि भरू नये. बूच घट्ट लावल्यास आत साठलेल्या वायूने बाटली फुटण्याचेही भय असते. दुसरा धोका पिंपाचा. रांगते मूल बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडू शकते. केवळ गोणपाट पुरेसे नाही. पिंप मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कुलूपबंद जागी असावे. गोणपाट मात्र सतत बांधलेले असावे, म्हणजे माश्या-डासांची पैदास होत नाही. आंबूस वास चालेल. सडक्या अंड्यासारखा वास आल्यास ते द्रावण कंपोस्टच्या ढिगावर ओतावे.

हातमोजे वापरावेत, जखम झाकावी आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. मुलांच्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या टीडी लसी राहिल्या असतील तर त्या द्याव्यात. आपण वडीलधाऱ्यांनीही शेवटची मात्रा कधी घेतली होती ते आठवून पाहावे. मुलांना मातीपासून तोडू नये. बी पेरणे, पाणी घालणे, फुले वेचणे ही कामे त्यांचीच आहेत. पिंप ढवळण्याचे काम मात्र मोठ्यांनी आपल्याकडेच ठेवावे.