मेंडेलीव्हचं प्रश्नचिन्ह, परळचा डोस

परळच्या रुग्णालयांच्या परिसरात सकाळी पदपथावरून चालायला जागा नसते. वळकट्या, स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या पिशवीत जिवापाड जपलेल्या फायली. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली तर अर्धा घोर मिटतो. याच गर्दीत, जेरबाई वाडिया रस्त्यावर, टाटा रुग्णालयाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. १९६३ पासून ते इथे आहे. थायरॉईडच्या कर्करोगाचे रुग्ण इथे येतात आणि एक औषध पितात. दिसायला पाणी, चवीलाही जवळपास पाणीच. त्यात विरघळलेलं असतं किरणोत्सारी आयोडीन, म्हणजे आयोडीन-१३१.

या आयोडीनचा प्रत्येक अणू काही दिवसांपूर्वी आयोडीन नव्हताच. तो टेल्युरियम होता.

टेल्युरियम हे नाव आपल्याकडे बहुतेकांनी दहावीच्या आवर्तसारणीत एकदा पाहिलेलं असतं आणि नंतर विसरलेलं असतं. खरं तर ते आपल्या हाताशी फार जवळ असतं. गिरगावातून भुलेश्वर ओलांडून तांबाकाट्याकडे गेलं की तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं लागतात. तांबं शुद्ध करताना विजेचा प्रवाह सोडून ते एका पत्र्यावरून दुसऱ्या पत्र्यावर नेतात, आणि टाकीच्या तळाशी काळपट गाळ साठतो. त्या गाळात सोनं, चांदी, सेलेनियम असतं आणि टेल्युरियमही. जगातलं बहुतेक टेल्युरियम असं तांब्याच्या मागे लपून येतं. मुद्दाम टेल्युरियमसाठी खाण खोदावी इतकं ते कुठे सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. पृथ्वीच्या कवचात एक अब्ज भागांत साधारण एक भाग टेल्युरियम आहे. ते सोन्याच्याच पंक्तीत बसतं, किंबहुना त्याहूनही विरळ. विश्वात मात्र ते इतकं दुर्मीळ नाही. पृथ्वी घडत असताना टेल्युरियमने हायड्रोजनशी संयोग करून वायूचं रूप घेतलं आणि त्यातलं बरंचसं अवकाशात उडून गेलं, असं स्पष्टीकरण दिलं जातं.

१७८२ साली ट्रान्सिल्व्हेनियातल्या सोन्याच्या खाणींमधलं एक खनिज फ्रान्झ-योसेफ म्युलर फॉन रायखनश्टाइन यांच्या हाती आलं. त्यातला धातू ओळखीचा वाटेना. १७९८ साली मार्टिन क्लापरोथ यांनी त्याला नाव दिलं टेल्युरियम, लॅटिन ‘टेलस’ म्हणजे पृथ्वीवरून. पृथ्वीवर इतक्या कमी उरलेल्या मूलद्रव्याला पृथ्वीचंच नाव मिळालं.

एवढं विरळ मूलद्रव्य, तरी त्याच्या खनिजांचे प्रकार दीडशेहून अधिक! त्याच्या प्रमाणाच्या हिशेबाने पाहिलं तर ही संख्या अवाक करणारी आहे. याचं कारण टेल्युरियमच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव समजला की त्याच्या खनिजांचं वर्गीकरणही आपोआप समजतं.

जमिनीत खोल, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथे टेल्युरियम इलेक्ट्रॉन घेतं आणि धातूंशी जोडलं जातं. ही टेल्युराइड खनिजं. सोनं सहसा कुणाशी रासायनिक नातं जोडत नाही, पण टेल्युरियमशी जोडतं. कॅलॅव्हेराइट हे त्या दोघांचं खनिज. पुढे कधी तरी हा खडक वर येतो, भेगांतून पाणी आणि हवा आत शिरते. मग टेल्युरियम चार इलेक्ट्रॉन देऊन बसतं आणि टेल्युराइट खनिजं बनतात. ऑक्सिजनचा मारा आणखी जोरात झाला की सहा इलेक्ट्रॉन जातात, आणि मग जन्माला येतात टेल्युरेट खनिजं. तिघांत सर्वांत दुर्मीळ वाटावीत अशी ही तिसरी मंडळी.

चार आणि सहा यांतला फरक कागदावर दोनाचा आहे, स्फटिकात तो फार मोठा होतो. चार इलेक्ट्रॉन दिलेल्या टेल्युरियमकडे दोन बाह्य इलेक्ट्रॉन उरतात. ही जोडी बंध करत नाही, पण जागा अडवते. अगदी लोकलमध्ये खिडकीजवळच्या सीटवर रुमाल टाकून ठेवावा तशी. त्यामुळे ऑक्सिजनचे अणू दुसऱ्या बाजूला दाटीवाटीने बसतात आणि रचना एकांगी, वेडीवाकडी होते. सहाही इलेक्ट्रॉन गेले की रुमाल उचलला जातो. टेल्युरियमभोवती सहा ऑक्सिजन सारख्या अंतरावर बसतात: वर एक, खाली एक, मध्ये चार. दोन चौरस तळाचे पिरॅमिड तळाला तळ लावून ठेवले तर जो आकार होईल तो, म्हणजे अष्टफलक.

आता वर्गीकरणाकडे पाहा. खनिजशास्त्रात फार वापरल्या जाणाऱ्या श्ट्रुन्झ पद्धतीत टेल्युराइटांना ऑक्साइडांच्या चौथ्या वर्गात ठेवलं आहे, आणि टेल्युरेटांची जागा सल्फेटांच्या सातव्या वर्गात नेमलेली आहे. आवर्तसारणीत गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम एकाच स्तंभात आहेत, म्हणून सल्फेटांच्या शेजारी टेल्युरेट. मला हे शेजारपण फारसं पटत नाही. गंधकाचा अणू लहान, त्याच्याभोवती चारच ऑक्सिजन मावतात. टेल्युरियम चांगलंच मोठं, त्याला सहा लागतात. सल्फेटाचे चतुष्फलकी गट सुटे सुटे राहतात; टेल्युरेटाचे अष्टफलक कडांनी, टोकांनी एकमेकांना आणि शेजारच्या तांब्या-जस्ताच्या गटांना जोडून घेतात, साखळ्या आणि थर बांधतात. आडनाव एक असलं तरी घराची बांधणी अगदी वेगळी.

याफ्सोआनाइटचंच उदाहरण घ्या. सायबेरियातल्या याकुतियात सापडलेलं हे टेल्युरेट, तिथल्या विज्ञान अकादमीच्या शाखेच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. त्यात कॅल्शियम, जस्त आणि टेल्युरियम आहे, आणि रचना हुबेहूब गार्नेटची! झवेरी बाजारात अंगठीत बसवून मिळतो त्या लालसर खड्याची. रासायनिक नाव पाहून त्याला सल्फेटांच्या शेजारी बसवणं म्हणजे अन्याय होता. ते गार्नेटांच्या महाकुलात गणलं जातं, हे योग्यच झालं. तांब्याचं मॅकाल्पिनाइट हे आणखी एक टेल्युरेट, हिरवंगार. त्यात पाण्याचा रेणू आहे असं आधी मानलं गेलं होतं. पुढे बारकाईने तपासल्यावर ते पाणी नाहीच असं ठरलं आणि सूत्र सुधारावं लागलं. कणच इतके सूक्ष्म असतात की अशी चूक होणं स्वाभाविक आहे. मेक्सिकोतल्या मोक्तेझुमा या गावाजवळच्या खाणीत सापडलेल्या एका टेल्युरेटाचं नाव आहे शोकोलाटलाइट. रंग चॉकलेटसारखा, म्हणून नाव तिथल्या नावाट्ल भाषेतल्या चॉकलेटच्या शब्दावरून.

कॅलिफोर्नियातल्या बेकर गावाजवळ ओट्टो माउंटन नावाची उजाड टेकडी आहे. तिथल्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींतून लॉस एंजेलिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातले अँथनी काम्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून शिसं आणि टेल्युरियम यांची नवी खनिजं एकामागून एक जगापुढे ठेवली: ओट्टोआइट, थॉर्नेआइट, टिमरोजाइट आणि आणखी कितीतरी. स्फटिक मिलिमीटरच्याही अंशातले. सूक्ष्मदर्शकाखाली एक एक कण टिपून, क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडून हे काम झालं. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात हे शोधायला जाऊ नये. वाघोलीचं निळं कॅव्हन्साइट जगभरचे संग्राहक मागतात, पण टेल्युरियम देणं हा आपल्या बेसाल्टचा धर्म नाही.

मग परळचा आणि टेल्युरियमचा संबंध आला कुठून? तो आला १८६९ सालच्या एका प्रश्नचिन्हातून.

दिमित्री मेंडेलीव्ह मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडत होते. टेल्युरियमचा अणुभार १२८ च्या आसपास, आयोडीनचा १२७. क्रमाने जायचं तर आयोडीन आधी यायला हवं. पण गुणधर्म पाहिले तर आयोडीन क्लोरीन-ब्रोमीनच्या घरातलं आणि टेल्युरियम गंधक-सेलेनियमच्या. मेंडेलीव्ह यांनी गुणधर्मांवर विश्वास ठेवला, टेल्युरियमला आधी बसवलं आणि त्याच्या अणुभारापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. मोजणीच चुकली असणार, अशी त्यांची खात्री होती. प्रागचे बोहुस्लाव्ह ब्राउनर यांनी टेल्युरियम पुन्हा पुन्हा शुद्ध करून, पुन्हा पुन्हा तोलून पाहिलं. आकडा काही खाली येईना.

मोजणी बरोबरच होती. १९१३ साली हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांवरून दाखवलं की क्रम अणुभाराने ठरत नाही, अणुक्रमांकाने ठरतो. टेल्युरियमचा ५२, आयोडीनचा ५३. आणि टेल्युरियम जड का, तेही कळलं. निसर्गातलं आयोडीन एकाच प्रकारचं, वस्तुमानांक १२७. टेल्युरियमचे मात्र आठ समस्थानिक, आणि त्यांत सर्वांत जड असलेला टेल्युरियम-१३० एकट्यानेच एक तृतीयांशाहून अधिक जागा व्यापतो. तोच सरासरी वर ओढतो. शाळेत ही गोष्ट ‘आवर्तसारणीतला अपवाद’ म्हणून दोन ओळींत पाठ करून घेतली जाते. निदान मुंबईच्या शाळांत तरी तिचा पुढचा भाग सांगायला हवा, असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या समस्थानिकाने मेंडेलीव्हना कोड्यात टाकलं, त्याच्यातूनच परळचं औषध निघतं.

ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत टेल्युरियमचा ऑक्साइड अ‍ॅल्युमिनियमच्या बंद डबीत भरून न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवतात. आधी सायरस, १९८५ पासून ध्रुव. टेल्युरियम-१३० च्या अणुगर्भात एक न्यूट्रॉन शिरला की तो १३१ होतो. हा अस्थिर. २५ मिनिटांत त्यातले निम्मे अणू एक बीटा कण बाहेर फेकतात, अणुक्रमांक ५२ चा ५३ होतो, आणि टेल्युरियमच्या जागी आयोडीन-१३१ उभं असतं.

डबीत कुठलं टेल्युरियम भरायचं, इथे खनिजांचं ते चार-सहाचं गणित कामाला येतं. शुद्ध धातू ४५० अंशांवर वितळतो. टेल्युरिक आम्ल, म्हणजे टेल्युरेटांचं मूळ रूप, तापलं की पाणी सोडतं. आणखी तापलं की ऑक्सिजनही सोडून चारच्या अवस्थेत परत येतं. बंद डबीत वाफ आणि वायू साठणं परवडणारं नाही. चारच्या अवस्थेतला डायऑक्साइड मात्र ७३३ अंशांपर्यंत वितळतही नाही. निसर्गात हाच पदार्थ दोन खनिजांच्या रूपात भेटतो: एक पिवळसर टेल्युराइट, दुसरं पॅराटेल्युराइट. माऱ्यातून बाहेर काढल्यावर तो शिशाच्या जाड भिंतींआड तापवतात. आयोडीन वाफ होऊन निघतं, टेल्युरियम मागे राहतं. दुसरी जुनी रीत ओली आहे. तीत टेल्युरियमला तीव्र ऑक्सिडीकारकाने सहाच्या अवस्थेत ढकलतात. टेल्युरेट होऊन ते द्रावणात मुकाट बसतं, आणि आयोडीन ऊर्ध्वपातनाने वेगळं काढता येतं. ओट्टो माउंटनच्या भेगांत पावसाचं पाणी आणि हवा शतकानुशतकं जे करतात, तेच इथे काचेच्या भांड्यात काही तासांत.

हे औषध कोठारात ठेवता येत नाही. अर्धायुकाल ८ दिवसांचा. आज जेवढं आहे त्याचं पुढच्या आठवड्यात अर्धं, सोळाव्या दिवशी पाव. दूधकेंद्रावरच्या दुधासारखं ते ताजं आणावं आणि ताजं संपवावं लागतं.

औषध घेण्याच्या आधी रुग्णाला काही दिवस आयोडीनयुक्त मीठ आणि मासळी बंद करायला सांगतात. बांगड्याशिवाय घास न उतरणाऱ्या लालबागच्या मालवणी घराला हे जड जातं, पण त्यामागे साधा हिशेब आहे: थायरॉईडच्या पेशी आयोडीनच्या भुकेल्या राहिल्या पाहिजेत. मग औषध पोटात गेलं की त्या ते अधाशासारखं ओढून घेतात. फुप्फुसात, हाडात पसरलेल्या थायरॉईडच्या कर्करोगपेशीही अनेकदा ही मूळची सवय विसरलेल्या नसतात, आणि तिथेच त्या सापडतात. बीटा कण ऊतींत जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर जातो, म्हणून मार त्या पेशींपुरता राहतो. सोबत निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात आणि कॅमेऱ्याला दाखवतात की औषध नेमकं कुठे पोहोचलं.

हेच गॅमा किरण शेजारच्या माणसालाही लागतात. लहान डोस घेऊन घरी गेलेल्या बाईला सांगतात, काही दिवस नातवाला मांडीवर घेऊ नका, वेगळं झोपा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर तिने वेगळं झोपायचं कुठे? मुंबईत हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच खरा आहे. मोठा डोस असेल तर रुग्णाला वेगळ्या कक्षातच ठेवावं लागतं. त्या कक्षाचं सांडपाणीही लगेच गटारात सोडत नाहीत, टाक्यांत थोपवून ठेवतात. दहा अर्धायुकाल, म्हणजे ८० दिवस गेले की मूळच्या आयोडीनचा हजारावा भागच काय तो शिल्लक असतो.

काम करून झालेला प्रत्येक अणू आणखी एक पायरी चढतो: ५३ चा ५४ होतो. झेनॉन-१३१, स्थिर आणि कुणाशीही सहसा न बोलणारा वायू. तो रक्तातून फुप्फुसात येतो आणि फायलीची पिशवी उराशी धरून परळच्या गर्दीतून स्टेशनकडे निघालेल्या बाईच्या श्वासाबरोबर बाहेर पडतो.