समूहाचे नाव, समूहाची भाषा आणि नोंदीतील रकाना

बोली आणि प्रमाणभाषा यांचा संबंध आपण यापूर्वी पाहिला आहे. आता थोड्या अवघड प्रश्नाकडे वळू. माणसांचा एखादा समूह 'वेगळा' कशाने ठरतो? 'भाषेने', हे उत्तर चटकन सुचते. ते अपुरे कसे पडते, हे वाशीम जिल्ह्याच्या उदाहरणावरून आपल्या लक्षात येईल.

मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या गावाच्या आठवडी बाजारात कान देऊन उभे राहा. 'मले', 'तुले', 'पानी' ही वऱ्हाडी रूपे सर्वत्र ऐकू येतील. तांड्यावरून आलेली एखादी स्त्री मुलाशी गोरमाटीत बोलत असेल. या भाषेत आईला 'याडी' म्हणतात आणि 'आहे' या अर्थी 'छ' येतो. हा 'छ' राजस्थानी-गुजरातीशी नाते सांगतो. तीच स्त्री दुकानदाराशी घासाघीस करते ती मात्र वऱ्हाडीत. याच जिल्ह्यात आंध समाज आहे. शासनदरबारी तो अनुसूचित जमात आहे, परंतु त्याची भाषा मराठीच. याउलट मेळघाटातील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संताळीच्या गोतातली. तेव्हा भाषा वेगळी तर समूह वेगळा, हे समीकरण एका बाजूने खरे ठरते आणि दुसऱ्या बाजूने कोसळते.

आता नावांकडे पाहू. तांड्यातील माणूस स्वतःला 'गोर' म्हणवतो, हे स्वनाम. बंजारा, लमाण, लंबाडी ही परनामे, म्हणजे इतरांनी दिलेली नावे. बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून दूरदूर नेणे हा या समाजाचा पूर्वीचा व्यवसाय होता. रेल्वे आली, व्यवसाय बुडाला. व्यापारी फिरस्त्याची ओळख सांगणारे नाव तेवढे उरले. परनामांचा हा प्रकार सार्वत्रिक आहे. अमेरिका खंडांतील शेकडो भिन्नभाषी समूहांना युरोपीयांनी एकाच 'इंडियन' शब्दात कोंबले. ज्यांना जग 'नावाहो' म्हणते ते स्वतःला 'दिने' म्हणतात.

परनामापेक्षाही परिणामकारक असते ती शासकीय नोंद. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणात बंजारी ऊर्फ लभाणी भिल्ल भाषांच्या खंडात छापली गेली (१९०७). २०११ च्या जनगणनेत बंजारी आणि लमाणी-लंबाडी या दोन स्वतंत्र मातृभाषा म्हणून मोजल्या गेल्या आणि दोन्ही हिंदीच्या बेरजेत मिळवल्या गेल्या. भाषाशास्त्रीय दृष्टीने हे वर्गीकरण मला पटत नाही, पण ते असो. प्रवर्गाचे तर आणखी निराळेच. हाच समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत तिन्ही राज्यांतील भाविक सेवालाल महाराजांपुढे नतमस्तक होतात, एकमेकांशी एकाच भाषेत बोलतात, आणि परतताना तीन वेगवेगळे दाखले बाळगणारे नागरिक असतात. शिष्यवृत्ती, नोकरी, राखीव मतदारसंघ हे सारे त्या दाखल्यावर अवलंबून असते.

एका अभ्यासकेंद्रावर प्रवेशअर्ज तपासत होतो. एका प्रौढ विद्यार्थिनीने मातृभाषेच्या रकान्यात 'मराठी' लिहिले होते. घरी काय बोलता, असे विचारल्यावर ती हळूच म्हणाली, ''सर, ती काय भाषा आहे का? आमचं घरातलं बोलणं आहे.'' बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. त्या व्याख्येप्रमाणे तिचे उत्तर चुकीचे होते. पण शाळेत त्या बोलण्यावर हसलेली मुले तिच्या उत्तरामागे उभी होती. अशी उत्तरे लाखोंच्या संख्येने जमली की बोलणारे असतानाही भाषा नोंदीतून कमी होत जाते. तिने तो रकाना खोडून 'गोरमाटी' लिहिले. अर्ज स्वीकारला गेला.

कृती : आपल्या गावातील किंवा वस्तीतील कोणत्याही एका समूहाची निवड करा. तो स्वतःला काय म्हणवतो, शेजारी त्याला काय म्हणतात आणि दाखल्यावर काय लिहिलेले असते, या तिन्ही नावांची नोंद करा. माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.