गोधडी शिवणाऱ्या हातांना कसं मशीन हवं?

आजचा विषय घरातला वाटेल, पण त्यात कष्टाचे पैसे गुंतलेले आहेत. जुन्या साड्या-धोतरांच्या गोधड्या शिवून चार पैसे मिळवणाऱ्या बायका महाराष्ट्रात आहेत, तशा आमच्या रायपूरकडेही आहेत. छत्तीसगडीत गोधडीला कथरी म्हणतात. आपल्याकडे कुठे वाकळ म्हणतात, तर कर्नाटकात कौदी. नाव कोणतंही असो, मशीन घ्यायची वेळ आली की प्रश्न एकच असतो: साधं, परवडणारं आणि गोधडी पेलणारं मशीन कसं ओळखायचं?

दुकानात गेलं की विक्रेता आधी नक्षीचे टाके मोजून दाखवतो. गोधडीला त्यातला एकच टाका लागतो, तो म्हणजे सरळ. हाताच्या धावदोऱ्याची जागा तोच घेतो. तेव्हा नक्षीसाठी जादा पैसे मोजू नका. ते ताकदीसाठी राखून ठेवा.

फौजेत सामान मागवण्याआधी काम मोजायची सवय लागते. इथंही मोजू या. सहा फूट लांब, चार फूट रुंद गोधडी घ्या. तिच्यावर एकेक इंचावर उभ्या ओळी घातल्या, तर सुमारे ४८ ओळी होतात. म्हणजे २८८ फूट, जवळजवळ ८८ मीटर शिलाई. टाका ४ मिलिमीटरचा धरला तरी एका गोधडीला सुमारे २२ हजार टाके पडतात, आणि तेही सहा-सात थरांतून. खेळण्यासारखं हलकं मशीन इथं दमतं. जड, लोखंडी, पायाने चालणारं साधं मशीन हे काम निमूट करतं. पाय आपल्या ताब्यात असल्याने जाड जागी वेग कमी करता येतो आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. पुढे मोटर बसवली, तरी खालचा सांगाडा मोडीत काढू नका.

आता खरी अडचण. मशीनचे दाते खालून कापड पुढे ढकलतात. वरचा पाय फक्त दाबून धरतो. त्यामुळे खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि गोधडीला चुण्या पडतात. यावर तीन उपाय आहेत. शिवण्याआधी हातभर अंतरावर कच्चे टाके घाला. पायाचा दाब थोडा सैल करा. म्हणून दाबाचा स्क्रू असलेलंच मशीन घ्या. तिसरा उपाय म्हणजे वॉकिंग फूट. हा जोडपाय वरचा थरही खालच्या थराबरोबर सरकवतो. तो आपल्या मशीनला बसतो का, हे आधीच विचारा. सुई १६ किंवा १८ नंबरची लावा.

सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामधली जागाही पाहा. मधली ओळ शिवताना चार फुटांची निम्मी गोधडी, म्हणजे २४ इंच रुंदीचा भाग, गुंडाळून तिथून जावा लागतो. जागा जितकी मोकळी, तितकी पाठ कमी दुखेल. हाताने शिवताना आपण कडेने सुरुवात करून आत येतो. मशीनवर मधून सुरू करून कडेकडे जा, म्हणजे चुण्या बाहेर निघतात.

खरेदीला जाताना घरून सहा थरांचा हातभर तुकडा घेऊन जा. दुकानातच तो शिवून पाहा. टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो का? शिवणीच्या जाड सांध्यावर मशीन अडतं का? बॉबिन सहज निघतं का? एका गोधडीत ते कितीतरी वेळा भरावं लागेल. आणि शेवटचा प्रश्न: जवळपासच्या मिस्त्रीला हे मशीन दुरुस्त करता येतं का, सुटे भाग मिळतात का? दुरुस्तीविना पडून राहिलेलं मशीन स्वस्त नसतं.

पैशांची सोय म्हणाल, तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. साधनांसाठी त्यात १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज करण्याआधी अटी नीट वाचा.

१९२४ साली यंत्रांविषयी बोलताना गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, कारण ते माणसाचे कष्ट वाचवतं. मशीन निवडताना हीच कसोटी लावा. हातच्या गोधडीचा मऊपणा मशीनला येत नाही. दोन दोऱ्यांची गाठ घट्ट बसते. म्हणून हातशिलाईची गोधडी वेगळी ठेवा आणि तिचं मोल जास्त सांगा. रोजच्या मागणीचा भार मशीनवर टाका. बोटं आणि डोळे दोन्ही टिकतील.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!