क्रमांक एक, वाण दोन

काडतुसाच्या पितळी पुंगळीत आज जी दारू भरलेली असते, तिचा सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या जुन्या काळ्या दारूशी संबंध जवळजवळ उरलेला नाही. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंपासून, जी दारू सिद्ध केली, ती जळल्यावर मागे जवळपास सगळा वायूच उरतो आणि म्हणून तिला बिनधुराची दारू हे नाव पडले. थोडा धूर तिचाही होतो, ही गोष्ट वेगळी.

या दारूचे शेकडो वाण आहेत आणि दिसायला त्यांतले बरेचसे सारखेच असतात. काहींचे दाणे बारीक तोडलेल्या शेवयांसारखे, काहींचे चपट्या टिकल्यांसारखे, तर काहींचे खसखशीसारखे गोल असतात आणि स्थिर विद्युत साठू नये म्हणून दिलेल्या ग्रॅफाइटच्या लेपामुळे ते सगळेच काळपट दिसतात. दाणा पृष्ठभागाकडून आत जळत जातो, त्यामुळे त्याचा आकार हाच वायू किती झपाट्याने निर्माण होईल याचा नियंता ठरतो. शेवईच्या तुकड्याला मधून आरपार भोक असेल, तर बाहेरचा पृष्ठभाग आक्रसत असताना आतला वाढतो आणि वायूचा पुरवठा साधारण एकसारखा राहतो. दाब वाढला की ज्वलन वेगावते आणि ज्वलन वेगावले की दाब आणखी वाढतो, हे या दारूचे मूळ लक्षण. पिस्तुलासाठीची जलद दारू रायफलीच्या काडतुसात भरली, तर बंदूक फुटू शकते ती याच कारणाने.

अमेरिकेत काडतुसे हाताने भरणारे हौशी नेमबाज मोठ्या संख्येने आहेत आणि 'ही मिळत नाही, तर तिच्यासारखी कोणती?' हा त्यांचा नित्याचा प्रश्न असतो. ४८९५ या क्रमांकाची कथा त्याचे उत्तर देते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रायफलींसाठी वापरलेली ही दारू युद्धानंतर उरली, तेव्हा ब्रूस हॉजडन यांनी तो साठा विकत घेऊन नेमबाजांना विकला. साठा संपल्यावर त्याच क्रमांकाची दारू नव्याने बनू लागली. त्यामुळे 'आयएमआर ४८९५' आणि 'एच ४८९५' अशी दोन नावे बाजारात आली, आणि क्रमांक एकच असूनही ती एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. ४८३१ या क्रमांकात तर फरक आणखी जाणवतो: 'एच' वाण 'आयएमआर'पेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्याच्यासाठी ठरवलेले माप दुसऱ्याला लावले, तर दाब मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. गंमत अशी की 'एच ११०' आणि 'विंचेस्टर २९६' ही नावे मात्र एकाच दारूची आहेत.

ज्वलनवेगाची जी कोष्टके छापली जातात, ती फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. शेजारच्या दोन ओळींतल्या दारूंत नगण्य फरक असेल किंवा बराच असेल, आणि काडतूस बदलले की क्रमही उलटू शकतो.

सारख्या वाटणाऱ्या दोन दारू एकमेकींच्या जागी चालतात, या भ्रमातून सरकारी यंत्रणाही सुटली नाही. एम-१६ रायफलीची सुरुवातीची जडणघडण शेवईवजा दाण्यांच्या दारूवर झाली होती. १९६४ च्या सुमारास सैन्याने गोल दाण्यांची दारू स्वीकारली, कारण गोळीचा वेग आणि कमाल दाब या दोन्ही कसोट्यांवर ती उतरली होती. परंतु नळीतला वायू ज्या छिद्रातून यंत्रणेकडे वळवला जातो, तिथे तिचा दाब अधिक पडत असल्याने झाडण्याची गती वाढली, आणि आम्लता मारण्यासाठी मिसळलेल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूनलिकेत साचू लागला. व्हिएतनाममध्ये या रायफली अडकू लागल्या आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीला चौकशी करावी लागली. दोष एकट्या दारूचा नव्हता. क्रोमचा मुलामा नसलेली काडतूस-कोठी आणि सफाईच्या साहित्याचा तुटवडा यांनीही हातभार लावला.

अमेरिकी भरणपुस्तिकांत 'एच ४८९५' आणि 'आयएमआर ४८९५' यांची मापे म्हणूनच आजही स्वतंत्र छापली जातात.