मेमरीची किल्ली एकाच हाती

जालना जिल्ह्यातल्या अंबड किंवा भोकरदनच्या सेतू केंद्रात डिजिटल सहीचा सातबारा प्रिंटरमधून बाहेर पडतो, तेव्हा तो दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरच्या डिस्कवरून वाचलेला असतो. वेबसाइट बंद असली की आपण चिडतो. पण डिस्क आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यामध्ये बसलेला ड्रायव्हर चुकला, तर बऱ्याचदा चिडायलाही वाव मिळत नाही. चूक दिसतच नाही, नोंद तेवढी बिघडलेली असते. असे ड्रायव्हर सी भाषेऐवजी रस्ट या भाषेत लिहिण्याचे प्रयत्न गेली काही वर्षं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालू आहेत.

ड्रायव्हर नेमकं करतो काय? आजच्या वेगवान एनव्हीएमई डिस्कसाठी तो मेमरीत मागण्यांची एक रांग मांडतो. 'डिस्कच्या अमुक भागातला मजकूर मेमरीच्या तमुक पत्त्यावर आणून टाक,' असं तिथे लिहून ठेवतो आणि डिस्कच्या एका रजिस्टरमध्ये आकडा टाकून तिला हाक मारतो. या रजिस्टरचं नावच डोअरबेल. पुढे डिस्क प्रोसेसरला न विचारता मजकूर थेट मेमरीत उतरवते. अशा रांगा एका डिस्कला 65,535 पर्यंत असू शकतात, आणि प्रोसेसरचे सगळे कोअर एकाच वेळी त्या भरत असतात.

गोंधळ होतो तो इथेच. मोंढ्यात हमालाला सांगितलं, पोती सात नंबरच्या गाळ्यात टाक. तो पोहोचायच्या आत गाळा दुसऱ्या आडत्याला देऊन टाकला. हमाल बिचारा सांगितल्याबरहुकूम पोती टाकतो, आणि दुसऱ्याच्या सोयाबीनवर आपला मका पडतो. डिस्कचंही तसंच: ड्रायव्हरने मेमरी आधीच मोकळी केली असेल, तर डिस्क दुसऱ्याच कुणाच्या माहितीवर लिहून मोकळी होते.

डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये घडवलेली सी भाषा अशा वेळी प्रोग्रॅमरवर विश्वास ठेवून गप्प राहते. त्या विश्वासाची किंमत किती? मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये सांगितलं, की आपण दरवर्षी दुरुस्त करतो त्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात. रस्टमध्ये मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला एकच मालक. दुसऱ्याने तो उसना घेतला असेल, तर परत येईपर्यंत मालकालाही तो मोकळा करता येत नाही. ही तपासणी कंपायलर करतो, म्हणजे प्रोग्रॅम चालण्याआधीच. त्यामुळे चालताना वेगळं ओझं ओढावं लागत नाही, म्हणून ही भाषा कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, परवडते. ग्रेडन होअर यांनी सुरू केलेल्या आणि मोझिलाने वाढवलेल्या रस्टची पहिली पक्की आवृत्ती मे 2015 मध्ये आली; लिनक्स कर्नलने तिला डिसेंबर 2022 मध्ये, 6.1 या आवृत्तीत दार उघडलं.

आंद्रेआस हिंडबोर्ग यांनी एनव्हीएमई ड्रायव्हर रस्टमध्ये लिहून दाखवला. पण 2024 मध्ये कर्नलच्या 6.11 आवृत्तीत आधी शिरला तो त्यांचा 'आरनल'. या ड्रायव्हरमागे डिस्कच नसते. मागणी आली की 'झालं' म्हणून परत पाठवायची, एवढंच त्याचं काम. वेग मोजायला आणि प्रयोगाला तो वापरतात. मला ही निवड शहाणपणाची वाटते: बिघडला तरी कुणाचा डेटा जाणार नाही.

विरोधही झाला. डिस्कने थेट मेमरीत लिहिण्याच्या यंत्रणेचा, म्हणजे डीएमएचा, कोड तेव्हा सांभाळणारे क्रिस्टोफ हेलविग यांनी 2025 च्या सुरुवातीला एकाच कर्नलमध्ये दोन भाषा नकोत, असं ठामपणे सांगितलं. दोन्ही भाषा जाणणारी माणसं कायम मिळतील का, हा त्यामागचा प्रश्न हट्टाचा नाही. तरीही डिसेंबर 2025 मध्ये लिनक्सच्या प्रमुखांनी रस्टवरचा 'प्रयोग' हा शिक्का काढला. त्याच महिन्यात अँड्रॉइडच्या बाइंडर या रस्टमधल्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षा-त्रुटीही नोंदली गेली. ती सापडली 'अनसेफ' अशी खूण केलेल्या भागात. हार्डवेअरला हात लावायचा तर कंपायलरची नजर थोडी बाजूला सारावीच लागते; रस्टमध्ये निदान ती जागा खुणेने कळते. सीमध्ये सगळाच कोड संशयित.

डिस्क आणि डेटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम महाराष्ट्राला नवं नाही. पुण्यात व्हेरिटासचं मोठं केंद्र होतं, आणि तिथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी 2008 मध्ये ड्रुवा उभी केली. मिलिंद बोराटे हे तिच्या संस्थापकांपैकी एक. जालन्यातून तिथवर जायला बस लागते. कर्नलचा कोड वाचायला ती लागत नाही. इथल्या संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाला आणखी एक हजेरीचं ॲप करण्याऐवजी हेच काम करणारा जुना सीमधला नल-ब्लॉक ड्रायव्हर आणि रस्टमधला आरनल शेजारी शेजारी उघडून बघावेत. दोन्ही फुकट आहेत, आणि साध्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात.