तलावाचे आरोग्य : माशांच्या साक्षीने

तलावाचे पाणी नितळ दिसले म्हणजे तो तलाव निरोगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. जाळ्यात भरपूर मासळी आली म्हणजे तलाव उत्तम, असाही दुसरा एक समज आहे. हे दोन्ही समज अपुरे आहेत. तलावाची खरी प्रकृती जाणून घ्यावयाची असेल, तर मासे किती मिळाले एवढेच न पाहता ते कोणकोणत्या जातींचे, कोणत्या आकाराचे आणि कोणत्या स्थितीत आहेत, हे पाहणे आवश्यक ठरते.

पाण्याचे रासायनिक परीक्षण महत्त्वाचे आहेच. परंतु बाटलीत भरून नेलेला नमुना हा त्या घटकेचा नमुना असतो. आठवड्यापूर्वी रात्रीच्या वेळी सोडलेले सांडपाणी त्यात आढळेलच असे नाही. मासा मात्र वर्षानुवर्षे त्याच पाण्यात राहतो, वाढतो व वीण घालतो. पाण्यावर आलेल्या बऱ्यावाईट प्रसंगांची नोंद माशांच्या वस्तीत आपोआप होत जाते.

प्राणवायूचा प्रश्न

गावातील सांडपाणी, साबणाचे पाणी आणि शेतातून वाहून आलेली खते तलावात साचली की शेवाळ व जलपर्णी यांची अतोनात वाढ होते. दिवसा सूर्यप्रकाशात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र ते प्राणवायू घेते. मेलेले शेवाळ कुजू लागले की आणखी प्राणवायू खर्च होतो. त्यामुळे पहाटे पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. सूर्योदयापूर्वी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते धोक्याचे चिन्ह समजावे. मार्च २०१६ मध्ये बंगळूर येथील अलसूर तलावात हजारो मासे मरून वर आले, ही घटना सर्वपरिचित आहे.

मासे मरून तरंगू लागणे ही दुखण्याची अखेरची अवस्था होय. त्याआधी बराच काळ माशांच्या जाती बदलत असतात. शिंगी, मागूर व मरळ यांना हवेतील प्राणवायू घेण्याची सोय निसर्गाने दिली असल्यामुळे ते गढूळ व कुजक्या पाण्यातही तग धरतात. स्वच्छ पाण्यात राहणारे, किडे व अळ्या खाणारे लहान मासे मात्र प्रथम नाहीसे होतात. म्हणून मरळ किंवा शिंगी आढळणे वाईट नाही; केवळ तेच उरणे वाईट आहे.

मोजमापाची पद्धत

या निरीक्षणाला शास्त्रीय मोजमापाचे रूप अमेरिकन जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी १९८१ साली दिले. त्यांनी माशांविषयीच्या बारा बाबी निवडल्या. त्यांत जातींची संख्या, प्रदूषण सहन न करणाऱ्या जातींची उपस्थिती, निरनिराळा आहार घेणाऱ्या माशांचे प्रमाण, इतर माशांवर जगणाऱ्या मोठ्या माशांचे प्रमाण, तसेच रोगट माशांचे प्रमाण यांचा समावेश होता. प्रत्येक बाबीस ५, ३ किंवा १ गुण द्यावयाचे. एकूण बेरीज १२ ते ६० यांमध्ये येते. गुण जितके कमी, तितकी प्रकृती खालावलेली.

ही पद्धत मूळची अमेरिकेतील लहान नद्यांसाठी होती. पुढे ती तलावांसाठी आणि अन्य देशांसाठी योग्य ते बदल करून वापरण्यात आली. माळव्यातील खान व क्षिप्रा या नद्यांना ती लावून पाहणारा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक प्रदेशातील मासे निराळे असल्याने गुणांची कसोटी त्याच भागातील कमी बिघडलेल्या जलाशयांवरून ठरवावी लागते. इंदूरजवळील सिरपूर तलाव व यशवंत सागर यांना २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. अशा जलाशयांच्या बाबतीत स्थानिक माशांची दीर्घकालीन नोंद विशेष मोलाची आहे.

फसवी मासळी

समजा, दोन तलावांतून सारख्याच वजनाची मासळी निघाली. एकात लहानमोठ्या अनेक जाती आहेत; दुसऱ्यात बहुतेक सर्व चिलापी आहे. वजनकाट्यावर दोन्ही तलाव समान ठरतील, पण प्रकृतीने ते समान नाहीत. चिलापी हा मासा भारतात १९५२ साली बाहेरून आणला गेला. तो निकृष्ट पाण्यातही झपाट्याने वाढतो, दाटी झाली की लहान आकारातच वीण घालतो आणि स्थानिक माशांची जागा बळकावतो.

सोडलेल्या मत्स्यबीजाविषयीही सावधगिरी हवी. रोहू, कटला व मृगळ हे मासे पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पाण्यात वीण घालतात; साठलेल्या तळ्यात सहसा घालत नाहीत. संस्थेने बोटुकली सोडली म्हणून हे मासे जाळ्यात येतात. त्यांच्या विपुलतेवरून तलाव निरोगी ठरत नाही, तसेच त्यांची पिले नसल्यावरून तो आजारीही ठरत नाही. तलावात आपोआप वाढणाऱ्या जातींची पिले दरवर्षी दिसतात किंवा नाही, हे पाहावे.

गावाने काय करावे?

मच्छीमार सहकारी संस्था, ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून एक नोंदवही ठेवावी. वर्षातून दोनदा, पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्यात, त्याच ठिकाणी, त्याच जाळ्याने व त्याच वेळी मासे धरावेत. जात, संख्या, लांबी आणि अंगावरील जखमा किंवा गाठी यांची नोंद करावी. माशांची नावे जाणत्या भोई-मच्छीमारांकडून विचारून घ्यावीत; त्यांचे ज्ञान या कामी अमोल आहे. पाण्याची पातळी आणि सोडलेले मत्स्यबीज यांची नोंद वेगळी ठेवावी. मोजून झालेली पिले परत पाण्यात सोडावीत.

एका वर्षाच्या नोंदीवरून घाईने निष्कर्ष काढू नये. पाऊस कमी झाला तरी जाती घटतात. परंतु तीन-चार वर्षे सतत एकेक जात गळत असेल, तर मत्स्यव्यवसाय विभागास कळवून पाण्याचे परीक्षण करवून घ्यावे. तलाव आजारी आहे हे मासे सांगतात. आजाराचे कारण प्रयोगशाळेत शोधावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. ज्या पाण्यात मासे सुखाने राहतात ते पाणी माणसाने पिण्यास योग्य असतेच असे नाही. रोगजंतूंची तपासणी स्वतंत्रपणे झालीच पाहिजे. मात्र ज्या पाण्यात पूर्वीचे मासेदेखील राहू शकत नाहीत, त्या पाण्याविषयी गावाने निश्चिंत राहणे कधीही योग्य नव्हे.