कंधारचं ‘मोफत’

नांदेडहून दक्षिणेला निघालं की गोदाकाठची सपाट काळी रानं मागे पडतात आणि बालाघाटची चढण सुरू होते. सह्याद्रीवाले याला टेकड्या म्हणतील. आमचा डोंगर हाच. या डोंगरात, मन्याडच्या खोऱ्यात, कंधार आहे. लोक येतात ते राष्ट्रकूटकालीन किल्ला बघायला. दुहेरी तट, भोवती खंदक, आणि गावात सापडलेले अजस्र क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष. एवढं पाहून ते परत फिरतात. कंधारची दुसरी ओळख मात्र एका शिक्षणसंस्थेच्या पाटीवर आहे: श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी.

ही संस्था उभी केली भाई केशवराव धोंडगे यांनी. जन्म 1922 चा, याच तालुक्यातल्या गऊळ गावचा. तेव्हा हा मुलूख निजामाचा. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातलं शिक्षण उर्दूतून, आणि खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी हवी. अशा राज्यात मराठी शाळा चालवणं हीच एक चळवळ होती. स्वामी रामानंद तीर्थ आधी मास्तर होते, मग हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी झाले, हे इथे लक्षात ठेवावं. धोंडगेही त्याच मुक्तिसंग्रामातून आले. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं. पण डोंगरातलं पोर गुरांमागेच राहिलं. फी नावाला असली तरी ती देणार कोण? म्हणून संस्थेच्या नावातच ‘मोफत’.

धोंडगे शेतकरी कामगार पक्षाचे. पाच वेळा आमदार, 1977 ला नांदेडचे खासदार, आणीबाणीत तुरुंग, वर ‘जयक्रांती’ साप्ताहिक. सभागृहातल्या त्यांच्या तोफखान्याचे किस्से अजून रंगवून सांगितले जातात. माझ्या मते या किश्श्यांनी त्यांचं नुकसानच केलं. बोलणारा लक्षात राहिला, शाळा काढणारा मागे पडला. मराठवाड्यात शिक्षणसंस्था आणि राजकारण एकमेकांच्या आधाराने वाढले, कंधारही त्याला अपवाद नाही. तरीही ज्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती, त्या घरातलं पोर कंधारच्या शिवाजी महाविद्यालयापर्यंत पोचलं, हे त्या राजकारणाच्या जमेला धरावंच लागेल.

त्यांचा आणखी एक उद्योग म्हणजे गुराखीगड आणि तिथलं गुराखी साहित्य संमेलन. शहरी साहित्यिकांनी नाकं मुरडली असतील. पण जात्यावर, मोटेवर, गुरांमागे राहून ओव्या-गाणी जपली ती याच माणसांनी. त्यांना शाळेत बोलवायचं आणि त्यांचं गाणं बाहेर ठेवायचं, हे धोंडग्यांना पटणारं नव्हतं.

आज मराठवाड्याच्या शिक्षणाचं नाव निघतं ते ‘लातूर पॅटर्न’मुळे. लातूर आणि नांदेडच्या क्लासेसच्या गल्ल्यांत डॉक्टर-इंजिनिअर होण्यासाठी आलेली पोरं खोल्या करून राहतात. कित्येकांचा डबा गावाकडून एसटीने येतो. झाकणावर रंगाने नाव घातलेला, आत ज्वारीची भाकरी आणि गार झालेली भाजी. पोरांच्या कष्टाला तोड नाही. पण त्या डब्यामागे विकलेली जनावरं आणि सावकाराचा कागदही असतो. ज्या जिल्ह्यात ‘मोफत’ हा शब्द पाटीवर रंगवला गेला, तिथे आता फीचा आकडा आधी विचारला जातो. पोरं डॉक्टर-इंजिनिअर होतात ही प्रगती आहेच, पण ती सगळ्यांची नाही.

धोंडगे 1 जानेवारी 2023 ला गेले, शंभरी पार करून. किल्ला बघायला कंधारला जाणाऱ्यांनी अर्धा दिवस जास्तीचा काढावा आणि गुराखीगडावरही जाऊन यावं.